कोरडा संडास धुणाऱ्यास

दि. ९ ऑक्टोबर

चि. टिल्लू यास,

ताईचा आशीर्वाद. तो तुला आहे, तुझ्या खुर्चीला नाही. इकडे सगळं ठीक चाललं आहे. आईचा भाजीचा गाळा सध्या शेजारची लिंबूवाली सांभाळते आहे आणि माझं शिलाई मशीन बाजाराच्या दारात पूर्वीसारखंच खडखडतं आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

तुझा अहवाल वाचला. तुमच्या नगरपालिकेच्या ऑफिसच्या फळ्यावर लावलाय ना! "बाजारातील पर्यावरणपूरक स्वच्छतागृह वापरकर्त्यांच्या अज्ञानामुळे निकामी झाले असून ते पाडून त्या जागी सेल्फी पॉइंट उभारावा." खाली तुझी सही. सही मात्र झकास आली आहे. सहावीत होतास तेव्हापासून वहीच्या मागच्या पानावर तीच गिरवत होतास. ती कशाखाली करायची हे ठरायचं राहिलं होतं, एवढंच.

अज्ञान म्हणे! अरे, त्या संडासासाठी बाजारातल्या आम्ही बायकांनी तुमच्या ऑफिसचे उंबरे झिजवले. तुमच्या साहेबांनी विचारलं, "मधल्या वेळात घरी जाऊन येता येत नाही का?" ज्याच्या केबिनीच्या आतच संडास आहे तो माणूस हे विचारतो, आणि तुम्ही सगळे माना डोलावता. शेवटी बाजारात ड्रेनेज नाही म्हणून कोरडा संडास मंजूर झाला. यात पाणी ओतायचंच नाही. उठताना डबाभर भुसा टाकायचा, लघवी वेगळ्या नळीने जाते, खालच्या खड्ड्यात सावकाश खत होतं. सुताराकडून भुसा आम्ही आणत होतो. दारावर मी खडूनं लिहिलं होतं, "पाणी घालेल तो खड्डा उपसेल." अख्खा उन्हाळा चालला. वास नाही, माशी नाही. कोथिंबीरवाली तर म्हणायची, "माझ्या घरच्यापेक्षा बरा आहे गं, पाहुण्यांना इकडेच आणते."

मग तुमच्या प्रमुख पाहुण्यांना तारीख सापडली. चालत्या संडासाचं उद्घाटन! आदल्या दिवशी तू टँकर घेऊन हजर. कशाला, तर कोरडा संडास धुवायला. पाहुण्यांना फरशी चकचकीत दिसायला हवी होती. मी ओरडले, "अरे, खड्डा भरेल, सगळं नासेल!" पाइपवर पाय देऊन उभी राहिले. तू काय म्हणालास? "मॅडम, बाजूला व्हा." मॅडम! तुझ्या शाळेच्या चड्ड्यांना ठिगळं लावणारी मी, मॅडम! टँकरवाला बिचारा ओशाळला. तुझ्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

दुसऱ्या दिवशी फीत कापताना पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावला. ते बघून तुमच्या साहेबांनी लावला. ते बघून तू खिसे चाचपायला लागलास. त्याच संध्याकाळी दाराला कुलूप. घाण तुम्ही केलीत आणि खापर आमच्या डोक्यावर फोडून मोकळे झालात. इंजिनिअर झालास तेव्हा मी बाजारभर पेढे वाटले होते. ते परत मागून घ्यावेत असं वाटतं.

लिंबूवाली गाळा का सांभाळते, हे काही तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. आई दवाखान्यात आहे. तुला कळवू नकोस म्हणाली होती. "त्याच्या मागे कामं असतात."

कुलूप लागलं तसं तिनं पुन्हा दिवसा पाणी पिणं सोडलं. भाजीवर पाणी शिंपडायची, स्वतः घोट घ्यायची नाही. मग हुडहुडी भरली, ताप चढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लघवी तुंबवून आणि पाणी न पिऊन जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेत. पुन्हा असं झालं तर निभावणं कठीण आहे. "पाणी प्यायला काय होतं तुम्हाला?" म्हणून त्या आईवरच रागावल्या. गिऱ्हाइकांशी तावातावानं भांडणारी आपली आई मान खाली घालून ऐकत होती. तेव्हा मला तुझा नुसता राग आला नाही, टिल्लू. किळस आली.

आता ताप उतरतो आहे. पुढच्या आठवड्यात गाळ्यावर बसायचं म्हणते. ती ऐकणार नाही, तुला माहीत आहे.

गुरुवारी तुमची बैठक आहे. मला माफी नको, ती तुझ्याजवळच ठेव. अहवाल मागे घे आणि "टँकर मीच आणला होता" असं सगळ्यांसमोर सांग. खड्डा उपसून वाळू दिला की संडास पुन्हा चालेल. उपसायला आम्ही बायका पदर खोचून तयार आहोत, तुमच्यापैकी कुणाला शर्टाची बाही वर करावी लागणार नाही. साहेब चिडतील, बढती हुकेल. हुकू दे. तू नाही सांगितलंस तर मी तिथे येऊन सांगेन, मग काय शोभा व्हायची ती होऊ दे.

आज सकाळी सलाइन लावलेल्या हातानं आईनं मला जवळ ओढलं. वाटलं, आता तरी तुला बोलावून घे म्हणेल. म्हणाली, "टिल्लूला निरोप दे. त्याच्या मीटिंगा लांबतात. लाजून तुंबवून धरू नकोस म्हणावं. उठून जायचं."

निरोप पोचवला.

गुरुवारपर्यंत तुझीच,
ताई