पांढऱ्या झेंडीचा कांदा

जुन्नर, मार्च १९५६

तीर्थरूप हौशीराममामांच्या चरणी भगवंताचा दंडवत.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? गाय व्याली का? आणि ओझरचा तुमचा कांदा अजून आजारीच आहे ना? (पाती चंदेरी पडून वाळत चालल्याचं मामींनी कळवलं होतं. मला फार काळजी लागली आहे. कशाची, ते पुढे येईल.)

माझी तब्येत उत्तम आहे, फक्त अन्न जात नाही आणि दाराची कडी वाजली की मी मागच्या दाराकडे धावतो. सोमवारी आमचे मार्गदर्शक पुण्याहून माझं काम पाहायला येणार आहेत. मामा, बेचाळीस साली फौजदारासमोर टेबलावर चढून बोललो तेव्हा माझी जीभ अडखळली नव्हती. हा माणूस मात्र कधी ओरडत नाही. चष्मा काढतो, पुसतो आणि ‘असं?’ म्हणतो. त्या एका ‘असं?’नं आमचा एक सहाध्यायी पीएच.डी. सोडून पिठाची गिरणी चालवतो आहे.

कांद्यावरच्या फुलकिड्यांना डी.डी.टी.ची भुकटी कितपत लागू पडते, हा माझा विषय. ज्यांच्या घरी मी राहतो त्या धर्माजींच्याच शेतात पट्टे आखले. लाल झेंडीच्या पट्ट्यांवर भुकटी धुरळायची, पांढऱ्या झेंडीच्या पट्ट्यांना हातही लावायचा नाही. ते किडले तरच भुकटीचा गुण सिद्ध होतो. म्हणजे माझी पदवी त्या बिचाऱ्या पांढऱ्या पट्ट्यांच्या आजारपणावर उभी आहे.

आता माझं भाषण. धर्माजींच्या नातवाच्या बारशाला पंगत बसली. वाढपी पाटलांच्या पानावर तुपाची धार सोडी आणि शेतावरच्या गड्यांना नुसता चमचा दाखवी. मी भरल्या पानावरून उठलो आणि पंक्तिप्रपंचावर बोललो. (बुद्धापासून आरंभ केला, भात निवला.) एका ओळीत बसवलेल्या जिवांत जो भेद करतो तो माणूस नव्हे, असं शेवटी म्हणालो. धर्माजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, भाषण साधलं. साधलं होतंच.

दुसऱ्या दिवशी शेतावर गेलो तर पांढऱ्या झेंड्या भुकटीनं आणखी पांढऱ्या झालेल्या. धर्माजी फडक्यानं तोंड पुसत म्हणाले, “राव, लई लाज वाटली बगा. कांदा एकाच दिशी लावला, एकाच वळीत बसवला, आन् निम्म्याला औषद, निम्म्याला न्हाई. तुमी भिडंपायी बोलला न्हाई, पर काल डोळं उघडलं.” मी शास्त्र समजावू लागलो तशा त्यांच्या कारभारीण कुशाबाई मध्ये पडल्या, “म्हंजी लेकरं मुद्दाम आजारी पाडून बगायची? ही कसली इद्या म्हणायची, भाऊ?”

मामा, मी वही मिटून घरी आलो. आता सारं शेत टवटवीत झालं आहे. येणारेजाणारे वाखाणतात आणि मला घाम फुटतो.

खोटं मी बोलणार नाही. साहेबांपुढे ताठ उभा राहून घडलं ते सांगेन.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा, सोमवारपर्यंत तरी विद्यार्थी,
भगवंत

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. तुमचं रोप धर्माजींच्याच वाफ्यातलं, लागवडही त्याच आठवड्यातली. औषध न लागलेलं तेवढं एकच रान उरलं आहे. ते साहेबांना, तुमचं म्हणूनच, दाखवावं म्हणतो. सोमवारपर्यंत त्या कांद्यावर काही टाकू नये, चुलीतली राखसुद्धा नाही. त्याला बरं वाटू देऊ नये.

ता. क. दुसरा : विघ्नहराला एक नारळ फोडावा. तुमच्या नावानं. नवसाविरुद्धची माझी मतं बदललेली नाहीत.

ता. क. तिसरा : लिहिलेलं सवयीनं मोठ्यांदा वाचून पाहिलं. ओसरीवर धर्माजी बसले होते, हे ध्यानात आलं नाही. “मामांचा कांदा बी आपल्याच पंगतीचा की,” असं म्हणत ते धुरळणीचं यंत्र खांद्यावर टाकून ओझरच्या वाटेला लागले आहेत. पत्र कांद्याचे व्यापारी कासमभाई यांच्या हाती सायकलवरून पाठवतो आहे. धर्माजी दिसताच त्यांना आधी जेवायला बसवा आणि सोमवारपर्यंत उठू देऊ नका. फक्त, वाढताना सगळ्यांना सारखंच वाढा.