उत्तरेचं घर आणि तळमजल्याची जागा

२ एप्रिल, सकाळ
चौथ्या मजल्यावरच्या बंधुभगिनींनो, आपल्या डोक्यावर स्लॅब आहे, स्लॅबवर सूर्य आहे आणि मध्ये आपली दाद घेणारं कोणी नाही.
सुरुवात उत्तम जमली आहे. भाडेकरूंच्या सभेत वापरायची. मजल्यावर बिऱ्हाडं दोनच, आम्ही आणि समोरचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. पण वक्त्याने डोकी मोजू नयेत.
आईला काल पुन्हा चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा वाढायच्या आत यांना थंड जागी हलवा. मी म्हटलं, माझा विचार त्याच्याही पुढे गेला आहे.

३ एप्रिल
वाचन जोरात. दूर उत्तरेला जमीन हजारो वर्षं गोठलेली होती, ती आता वितळते आहे. आत अडकलेला पालापाचोळा सडतो, त्यातून मिथेन निघतो, मिथेनने हवा तापते आणि तापलेल्या हवेने आणखी जमीन वितळते. म्हणजे इथे थांबण्यात अर्थ नाही.
निर्णय: उत्तरेला स्थलांतर. पहिलं कुटुंब आमचं.
हिला सांगितलं. ही म्हणाली, तळमजल्यावरची कोपऱ्याची जागा रिकामी होते आहे, खिडकीवर झाडाची सावली आहे, आईंना तेवढं पुरे. हिची नजर चार मजल्यांच्या बाहेर जात नाही.

६ एप्रिल
थंडीचा सराव सुरू. कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात नोकरी केल्याचं आज चीज झालं. संकल्प: रोज जेवणाच्या सुट्टीत गोठवलेल्या मटारच्या खोलीत अर्धा तास.
दुपारी: पहिलाच दिवस, म्हणून लवकर बाहेर आलो. फोरमनने विचारलं, साहेब, ध्रुव इतक्यात झाला का. मत्सर.

८ एप्रिल
शिंका. शरीर जुळवून घेत असल्याचं लक्षण. ही वाफ घ्या म्हणते. उत्तरेला निघालेल्या माणसाने वाफ घेणं तत्त्वात बसत नाही.
घेतली.

११ एप्रिल
एक गाव नक्की केलं. फोटो सुंदर. घरं जरा कललेली वाटली. चौकशीअंती कळलं की खालची गोठलेली जमीन वितळून पाया खचतो आहे. क्षणभर विचारात पडलो. मग लक्षात आलं, लादी कललेली असली की धुतल्यावर पाणी आपोआप एका कोपऱ्यात जातं. केवढी सोय.
हिने विचारलं, आणि आईंचा पलंगही त्याच कोपऱ्यात जाणार ना. घरात वैज्ञानिक दृष्टी नाही.
आई म्हणाली, बाळा, कुठेही ने, फक्त जिने नकोत. म्हटलं, उत्तरेला जिने कमी असतात. (खात्री करायची आहे.)

१५ एप्रिल
उद्या सभा. आमच्या इमारतीचा रिवाज असा, की खालची जागा रिकामी झाली की पहिला हक्क सगळ्यात वरच्या मजल्याचा. अर्जबिर्ज नाही. सेक्रेटरीबाई सभेत विचारतात, जो आधी हात वर करेल त्याची जागा. ही उद्या कामावर दुसऱ्या पाळीला, तेव्हा जबाबदारी माझ्यावर. हिने निघताना, जेवताना आणि झोपताना बजावलं, अहो, नुसता हात वर करायचा, बोलायचं नाही.
कबूल केलं. उत्तरेला जाईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून हरकत नाही. स्पर्धा शून्य. चित्रांसाठी वरचाच उजेड लागतो, मेलो तरी खाली येणार नाही, असं मास्तर वर्षानुवर्षं सांगतात.

१६ एप्रिल, सभेनंतर
आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण.
सेक्रेटरीबाईंनी विचारलं, खालची जागा वरच्यांपैकी कोणाला हवी आहे का. मी उभा राहिलो. उभं राहून नुसता हात वर करणं म्हणजे श्रोत्यांचा अपमान. स्लॅबपासून सुरुवात केली. मिथेनवर आलो तेव्हा खोकणारेसुद्धा खोकायचे थांबले. शेवटी विचारलं, या तव्यावर शहाण्या माणसाने एक दिवस तरी जास्त काढावा का. टाळ्यांचा कडकडाट. दोन्ही हात टेबलावर रोवून मी टाळ्या ओसरायची वाट पाहत होतो.
तेवढ्यात मास्तरांनी हात वर केला.
मला मिठी मारून म्हणाले, तुम्ही डोळे उघडलेत, नाहीतर वरच भाजून मेलो असतो.
ही आता येईल. काय सांगायचं त्याची टिपणं काढतो आहे.

१७ एप्रिल
टिपणं लागली नाहीत. ही सगळं जिन्यातच ऐकून आली होती.
आईने विचारलं, जागा मिळाली का रे. म्हटलं, भाषण फार रंगलं. ती म्हणाली, तुझे वडीलही घरी येऊन हेच सांगायचे. मग उशी उलटी करून थंड बाजू गालाखाली घेतली.

२० एप्रिल
मास्तर खाली गेले. त्यांची कपाटं मीच उतरवली. कंबर धरली आहे.
हिने परस्पर मास्तरांशी बोलून ठरवलं, दिवसभर आईचा पलंग त्यांच्या खिडकीशी. मास्तर म्हणाले, आईंना जरूर पाठवा, तुम्ही मात्र वरच थांबा. उत्तरेचा बेत रद्द नाही, पुढे ढकलला आहे. फोरमनला पलंग उतरवायला बोलावलं, तर म्हणाला, ध्रुवावर न्यायचा असता तर आलो असतो.
हे पान हिच्यासाठी उघडं ठेवतो आहे. चौथ्या मजल्यावरच्या बंधुभगिनींनो, म्हणजे आता फक्त तू. उद्या ऊन चढायच्या आत आईचा पलंग खाली न्यायचा आहे. मी एक शब्द बोलणार नाही. दुसरं टोक धर.