डोलकाठीला तार की दोरी

२ नोव्हें., रवि.
नदीवरच्या कॉजवेच्या वरच्या अंगाला शिडाची बोट उतरवली. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारेवरून सहज हात फिरवला तर बोटात कुसळ! तारेची एक काडी तुटून वर आलीय. मुकाट्याने शीड गुंडाळलं नि घरी. शिळी भाकरी, चटणी. कोण विचारतंय.
बोट लेकीची, वंदीची, तिच्या कॉलेजातली. आता ती कोचीला, पोरांना शीड शिकवते. फोटो पाठवला. लगेच फोन! एरवी महिना महिना नाही.

५ नोव्हें., बुध.
परत वंदी. "पप्पा, तार फेका. सिंथेटिक दोरी लावा, हलकी, गंजायची भीती नाही." म्हटलं, तार तुटायच्या आधी टोचून सांगते तरी. दोरी सांगेल? जन्म गेला कापडाच्या लूमवर पॉलिस्टरचा ताणा, उभे धागे, भरण्यात, धागा कसा सैल पडतो ते मला नको शिकवू. "सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही तुमचा!" खूप हसली. तिची आई गेल्यापासून असं हसणं ऐकलं नव्हतं.

९ नोव्हें., रवि.
तिने पाठवलेली दोरी कमी पडली. दोन तुकडे जोडले. ताण्याला मारतो तीच गाठ, नि गाठीबाहेर उरलेल्या शेपट्या मुळाशी कापल्या. लूमवर फणीत अडकू नये म्हणून तसंच कापतो, हात आपसूक गेला. इथे कुठली आलीय फणी! गुळगुळीत दोरी ती. वारं भरताच गाठ सुर्रकन सुटली, काठी धाडकन पाण्यात, मी पालथा. घाटावरचा रखवालदार हसतोय, "काका, वायरज नाखो ने!" तारच लावा म्हणे. घरी गोडादऱ्यापर्यंत ओलेता चालत. रिक्षावाला बसू देईना.
वंदी आधी रागावली. मग व्हिडिओवर दाखवलं: गाठ मारायचीच नाही, दोरी पोकळ असते, टोक तिच्याच पोटात ओवायचं. मुद्दाम चुकलो. परत दाखवलं बिचारीने.

१२ नोव्हें., बुध.
आज फक्त जाडीचं विचारलं. ताणाचं उद्या. प्रश्न पुरवून वापरायला हवेत.

१६ नोव्हें., रवि.
नवी अखंड दोरी आली. टोकं ओवली, काठी उभी केली, पाण्यात नेली. चांगलं वारं होतं. तसूभर ढिली नाही. हरलो बुवा!
घरी सांगायला कोणी नाही. फोन हातात घेतला, ठेवला. ठरलं म्हटलं की संपलं. मग कशाला करील ती फोन? "जेवलात का", "हो". एवढंच उरायचं. फार एकटं वाटतं हल्ली.

१८ नोव्हें., मंगळ.
वंदीचा फोन. "ओवली का? काय ठरलं?"
"छे. तारच बरी वाटते मला."
सरळ खोटं बोललो. ती म्हणाली, "हात लावू नका. शनिवारी मी येते, दोघं मिळून लावू."
ये म्हटलं. फोन ठेवून रडलो, लाज कसली.
आता घाटावर बोट उभी, काठी ताठ, दोरी चढवलेली. सकाळी जाऊन उतरवून ठेवावी, की दिसू द्यावी तिला तशीच...