फुंक आत जाईना

६ ऑक्टो., सोम.
दशरथला शॉक बसला. आमच्या कारखान्यातला इलेक्ट्रिशियन, वांगणीचा. मेन बंद करून बघितलं तर श्वास नाही. लाल पेटीतला मास्क काढला, तोंडाला तोंड न लावता श्वास द्यायचा असतो तो. फुंकलं. छाती हलेना. मान मागे करून परत फुंकलं. भिंतीत फुंकल्यासारखं. शेवटी मास्क फेकला आणि सरळ तोंडाला तोंड. तेव्हा कुठे छाती वर आली. आता उल्हासनगरला आयसीयूत. नाडी आहे, शुद्ध नाही.
किती वेळ वाया गेला? मिनिट? जास्त?
सेफ्टी माझ्याकडे, ऑगस्टमध्ये मीच तपासलेला मास्क. कोणीतरी बदललाय.

७ ऑक्टो.
डाउट सावंतवर. स्टोअर त्याच्याकडे. चांगला विकून कुठलातरी स्वस्तातला आणून ठेवला असणार. विचारलं तर न विचारलेलंही सांगायला लागला. "आईशप्पथ साहेब, पेटीला हात नाय लावला." चोराच्या मनात चांदणं. मॅनेजरला लेखी दिलं, नावासकट.

८ ऑक्टो., बुध.
मास्क घरी आणलाय. आतली झडप सुईने उचकटली. हळदकुंकू, वाळून घट्ट. तांदळाचा एक दाणा.
खंडेनवमी! गेल्याच बुधवारी पाने, मीटर, आग विझवायचे सिलिंडर, सगळ्याची पूजा झाली. मास्कची कोणी केली? फोन करून तिघांना विचारलं. "सगळ्यांनी मिळून केली ना, साहेब." म्हणजे कोणीच नाही. सगळे मिळालेत एकमेकांना.

९ ऑक्टो.
सावंतने पूजेचा फोटो पाठवला. फक्त मला. खाली एक अक्षर नाही. मास्क ताटात, फुंकायच्या नळीला कुंकू. लावणारा हात दशरथचा. मागे मी, हात जोडून, डोळे मिटून.
पेटीची किल्ली माझ्याकडेच असते. जुडगा मीच दिला असणार. पूजेनंतर पुसून तपासणं माझंच काम. लाज वाटली. तक्रार मागे घ्यायला हवी. उद्या.

११ ऑक्टो., शनि.
तक्रार तशीच आहे.
हॉस्पिटलला गेलो. दशरथ डोळे उघडतो, ओळखत नाही. त्याची बायको पाया पडायला वाकली, मी मागे सरलो. "सायेब, डॉक्टर इचारतात, श्वास किती येळ बंद व्हता. तुमी लगेच दिलात ना?"
"लगेच," मी म्हटलं.
सावंत तिच्या बाजूलाच उभा, तिच्यासाठी डबा घेऊन आलेला. माझ्याकडे बघितलं. डबा तिच्या हातात दिला.
का नाही बोलला?