राखाडी सायकल

३ ऑक्टोबर

लेआर्को आजही चालत आला. सकाळी गेला होता सायकलवर! ‘सायकल कुठंय?’ विचारलं तर स्वतःच्या हातांकडे बघत बसला. महिन्यातली ही तिसरी वेळ.

अर्ध्या तासात मासळीवाल्या दिनाबाईचा फोन. “नॉर्माताई, तुमच्या नवऱ्याचा घोडा सकाळपासून माझ्या दारात उभा आहे. नेताय, की दाणापाणी करू?” जाऊन आणली. कुलूप नव्हतंच लावलेलं. हिरवी, त्याच्या वडिलांची, मागचा मडगार्ड लाल रंगवलेला, पितळी घंटी. असली जुनी सायकल आमच्या या फेरारा गावात कुलपाशिवाय तासभर टिकत नाही. तीनदा टिकली हे नशीब. चौथ्यांदा गेली तर हा माणूस खचेल.

डॉक्टर म्हणतात, सायकल बंद करू नका. बाहेर पडला, चार माणसं भेटली, की डोकं जागं राहतं. हे मला डॉक्टरांनी सांगायला हवं? माझे वडील सायकल सुटल्यावर खिडकीत बसले ते बसलेच.

४ ऑक्टोबर

मिरेलाचा फोन. मोदेनात बसून आमची लेक आमच्या घराचे तोडगे काढते! म्हणाली, “आई, बाबांना एक स्वस्तातली घेऊन दे. हरवली तर हरवली. जुनी लपवून ठेव.” आधी चिडले. मग वाटलं, चूक काय आहे त्यात? रात्र रात्र डोळा लागत नाही — कुठे सोडली, कुणी नेली. रोज ही टांगती तलवार नको.

७ ऑक्टोबर

घेतली. गावाच्या तटबंदीबाहेरच्या मोठ्या दुकानातून. एकोणनव्वद युरो. राखाडी — तशाच वीसेक ओळीने उभ्या होत्या, कुठलीही उचला.

जुनी तळघरात ढकलली, वर चादर टाकली. लेआर्कोला सांगितलं, सायकलवाल्या गिदोकडे दुरुस्तीला दिलीय, काम मोठं आहे, वेळ लागेल. त्याने मान डोलावली. इतक्या वर्षांच्या संसारात खोटं बोलणं कधी एवढं सोपं गेलं नव्हतं. वाईट वाटलं. तरी भोपळ्याचं सारण भरलेले कापेलाच्ची दोनदा वाढून घेतले.

९ ऑक्टोबर

ब्रेक लागेनात. गिदोकडे नेली. त्याने ती उलटी केली, चाक फिरवलं, डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, “वहिनी, ही सायकल नाही. सायकलचं चित्र आहे.”

ब्रेकचे रबर बदलले, तारा बदलल्या, सीटची दांडीही बदलली, कारण ती आपोआप खाली जायची. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! हिरवीबद्दलचं खोटं त्यालाही सांगून ठेवलं — लेआर्कोने विचारलं तर हो म्हण. गिदोला आवडलं नाही. बरं म्हणाला.

१२ ऑक्टोबर

पाच रात्री गाढ झोपले. खरंच! सकाळी लेआर्को म्हणाला, “घोरत होतीस.” घोरते तर घोरते. सायकल कुठेही राहू दे, मला काय?

पण त्याच्या शर्टाच्या बाह्या! काळं तेल, मनगटापासून कोपरापर्यंत. दोनदा घासूनही निघेना. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले मी, आणि माझा नवरा असा फिरणार. हाही त्या राखाडीचाच खर्च. दुकानातल्या पाटीवर हा नव्हता लिहिलेला.

१६ ऑक्टोबर

पेडल निखळलं. भर चौकात. लेआर्को पडला नाही, देवाची कृपा. गिदोने नवीन बसवलं, पैसे घेतले नाहीत, तोंडसुख मात्र घेतलं. म्हणाला, सगळे स्क्रू लोण्याचे आहेत, आणि साखळी बघा, हाडासारखी कोरडी, थेंबभर तेल नाही. मी म्हटलं, घाल मग तेल आणि गप्प बस.

बाह्या आज पुन्हा काळ्या.

१९ ऑक्टोबर

दाट धुकं. लेआर्को ग्रंथालयातून वेळेवर घरी आला, सायकलसकट! मी खूश. कॉफी ठेवली. मग खिडकीतून पाहिलं तर सायकलला पुढे टोपली. आमच्या सायकलला टोपली नाही.

टोपलीत कुणाची तरी वही. हाडांची चित्रं, प्रत्येकाखाली नाव. “ही कुणाची रे?” तर शांतपणे म्हणाला, “माझी. राखाडी आहे ना.”

या गावात माणूस बायकोला फसवेल, चर्चला फसवेल, लोक दोन दिवस बोलतील आणि विसरतील. दुसऱ्याची सायकल नेणाऱ्याला विसरत नाहीत! कोट चढवला आणि ती हातात धरून धुक्यातून ग्रंथालयापर्यंत चालत नेली. पायरीवर एक मुलगी रडत बसली होती. शेजारी आमची उभी होती, तशीच्या तशी. माफी मागितली, सगळं सांगितलं. मुलगी गुणाची. डोळे पुसून म्हणाली, “आजी, मीसुद्धा परवा दुसरीच घेऊन निघाले होते.”

घरी येऊन आमच्या हँडलला पिवळी फीत शिवली. बांधली नाही, शिवली. बांधलेलं सुटतं.

२४ ऑक्टोबर

जेवताना लेआर्को म्हणाला, “नॉर्मा, लोकांनी मला हाक मारायचं सोडलंय.”

मी म्हटलं, धुकं आहे, दिसत नसशील.

“धुकं आधीही होतं.”

मी ताट उचललं.

२९ ऑक्टोबर

अकरा वाजून गेले. तरी लिहिते.

दहाला गेलेला माणूस तीन वाजले तरी नाही. आणि एकही फोन नाही! आधी तासाभरात कुणी ना कुणी कळवायचं — इथे आहे, तिथे आहे, बारमध्ये पत्ते बघतोय. आज काही नाही. शेवटी मीच दिनाला केला. तिने दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना विचारलं. म्हणाली, “नाही ताई, हिरवी सायकल आज कुणालाच दिसली नाही. खरं तर तीन आठवडे दिसली नाही. आम्हाला वाटलं, लेआर्को आजारी आहे.”

धुक्यात तोंड कुणाचं दिसतं? टोपी, मफलर, सगळे सारखेच. लोक लाल मडगार्ड बघत होते. घंटी ऐकत होते. त्याच्यावर सगळ्या गावाची नजर होती, फुकट, न मागता. ती मी चादरीखाली घालून ठेवली!

गिदोकडे पळत गेले. त्याने पाना खाली ठेवला, सांगितलं. सकाळी राखाडी सायकलवरून कुणी म्हातारा दुकानासमोरून गेला, दोनदा, हळूहळू. गिदोने मान वर करून पाहिलं आणि परत चाकात घातली. “मला वाटलं असेल कुणीतरी, वहिनी.” त्याने स्वतःच्या हाताने त्या सायकलचे ब्रेक बसवलेत. पण तिथे पन्नास राखाडी जातात रोज.

पाच वाजता पोलिसांचा फोन. नदीच्या बांधाकडे, बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या फाटकाशी बसला होता. तीस वर्षं तिथे कामाला होता. पाळीची वाट बघत होता म्हणे. एका ट्रकवाल्याने पाहिलं. हातपाय बर्फ. हवालदाराने विचारलं, कुणाला कळवायचं, तर म्हणाला, “मला इथे कुणी ओळखत नाही.”

फेरारात! लेआर्कोला!

३० ऑक्टोबर

थोडा ताप आहे त्याला. सूप घेतलं.

मिरेलाला सांगितलं, उद्या हिरवी बाहेर काढणार. ती पुन्हा तेच — चोरीला जाईल, मग तू रडत बसशील. मी म्हटलं, “जाऊ दे. रडेन. पण तोपर्यंत तो सापडेल.” मग तीच रडली. मीही.

राखाडी गिदोला देणार. सुट्या भागांसाठीसुद्धा नको म्हणेल.

३१ ऑक्टोबर

सकाळी तळघरात उतरले. चादर मी टाकली तशी नव्हती. नीट घडी करून कपाटावर ठेवलेली. साखळी ताज्या तेलाने ओली. घंटी लखलखीत. टायर दाबून पाहिले — टणक. शेजारी त्याचं लहानसं स्टूल, तेलाची बुधली, जुन्या बनियनच्या तेलाने काळ्या झालेल्या चिंध्या.

मागे बघितलं तर लेआर्को जिन्यात उभा, अंगावर शाल. “तुला माहीत होतं?”

“कधी असतं माहीत. कधी नसतं.”

“मग मागितली का नाहीस?”

“तुला झोप लागायला लागली होती,” म्हणाला.