खुर्ची समोरच होती

लाटंबार्से, बुधवार, दिवेलागण

मोपाच्या विमानतळावरच्या नोकरीची मुलाखत आज डिचोलीत झाली. आत गेले आणि उभीच राहिले. खुर्ची समोरच होती, पण मुलाखत घेणाऱ्या बाई वयाने मोठ्या. त्यांनी 'बस' म्हटल्याशिवाय बसायचं कसं? त्या कागद वाचत राहिल्या आणि मी ओढणीचं टोक पिळत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुला कसा मॅनेजर आवडेल?"

मी म्हटलं, "कसाही चालेल, मॅडम."

कसाही! शी. तरी परवा दुसऱ्या फेरीला बोलावलंय. पुन्हा त्याच बाई असणार.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी जन्मभर खाणीवर ट्रक चालवला, मुलाखत कधी दिली नाही. तरी त्यांनी ओसरीवर दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि एकीवर साहेब होऊन बसले. मी पुन्हा उभी. ते मुद्दाम 'बस' म्हणेनात. शेवटी मीच म्हटलं, "बसू का?" आणि उत्तराची वाट न बघता खुर्ची ओढली.

"कसो साहेब होयो तुका?"

"चूक झाली तर बाजूला घेऊन सांगणारा. चारचौघांत ओरडणारा नको."

हे माझ्या तोंडात आलं कुठून?

"माका तसो एकय गावलो नाय," बाबा म्हणाले. "पण माका कोणी इचारल्यानच नाय. तुका इचारतत, तर सांग."

सांगणार. परवा बसून सांगणार.