अर्धी रेघ

ता. ९, रविवार सकाळ

चि. ताई,

आशीर्वाद. पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. तुझं पत्र केव्हाचं येऊन माझ्या उशीखाली पडलं आहे. रोज लिहायला बसायचो आणि रोज काहीतरी निघायचं. शिवाय हे पेन नीट चालत नाही. अक्षर वाकडंतिकडं दिसेल ते पेनामुळे, दुसरं काही मनात आणू नकोस. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत ते लिही.

आता मुद्द्याचं बोलतो. तुझ्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, "आप्पा, हाताचं कसं आहे?" हाताचं काय असायचंय? जिथे होता तिथे आहे. मी तुला हाताबद्दल कधी अक्षरही लिहिलं नव्हतं. मग हे तुला कळवलं कुणी? धाकटीने की जावईबापूंनी? मला सांग. मी कुणाला जाब विचारणार नाही, फक्त माहीत असावं म्हणून.

धाकटीच्या या घरात कुठेतरी पाणी मुरतंय. मी खोलीत आलो की दोघांचं बोलणं थांबतं आणि मग एकदम हवापाण्यावर सुरू होतं. मला आधी चहा काचेच्या पेल्यात मिळायचा, तो आता कानाच्या स्टीलच्या कपात येतो, तोही अर्धाच भरलेला. जावईबापू म्हणतात, स्टीलमध्ये चहा गरम राहतो. मग स्वतः का पितात काचेतून? न्हावी आता घरी येऊन माझी दाढी करून जातो, मी बोलावलं नसताना. नवे शर्ट आणले ते सगळे डोक्यावरून घालायचे, एकालाही बटण नाही. जन्मभर काच कापली आहे मी. पलीकडचं दिसणार नाही असं यांना वाटतं कसं?

फोनवरच विचारलं असतं, पण इथल्या भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा. म्हणून पत्र.

धाकटी तिच्या कामाचं तुला काय सांगते कोण जाणे. मला सांगते ते असं, की त्यांना वाकणारी काच करायची आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. म्हटलं, बाई, वाकली तर ती काच नव्हे आणि काच असेल तर वाकायची नाही. त्यावर तिचं म्हणणं, कडक असतं ते ठिसूळ असतं, वाकतं ते मऊ असतं, आणि आम्हाला एकाच वस्तूत दोन्ही हवंय. जावईबापूंना तेवढंच पुरलं. "आप्पा, तुम्ही मोडेन पण वाकणार नाही यातले. तुमच्या पोरीने तुमच्यावरच संशोधन काढलंय." मी हसलो नाही. पण बोलणं चुकीचं नव्हतं.

कागदासारख्या पातळ काचेचे थर एकावर एक बसवतात, मधेमधे काहीतरी जरासं मऊ. एकेक थरही अखंड नाही, भिंतीतल्या विटांसारखे लहान तुकडे. काच तुटते ती चिरेने, हे तुला सांगायला नको, आपलं सगळं घर त्या चिरेवर चाललं. आपण रेघ मारायची आणि चीर त्या रेघेने सरळ पळायची. हिच्या काचेत चिरेला पळायला सरळ वाटच नाही. दर पावलाला वळण. "चिरेला दमवायचं, आप्पा," असं ती म्हणते. दमलेली चीर मध्येच बसकण मारते आणि पट्टी न तुटता नुसती वाकते. अशा पट्ट्या ते यंत्रात घालून दिवसभर वाकवतात आणि तोडतात. आपल्या दुकानात कुणी काच फोडली की मी आकाशपाताळ एक करायचो. इथे फोडायचा पगार मिळतो.

गेल्या महिन्यात ती घरी पट्ट्यांचा खोका घेऊन आली आणि म्हणाली, आप्पा, यांवर तुमच्या हिरकणीने एकेक रेघ मारून द्या. आपली काच कापायची हिरकणी गं, लहानपणी तू पेन समजून पळवायचीस ती. पट्टीला मुद्दाम जखम करायची आणि मग वाकवून बघायचं, तरीही टिकते का. मी विचारलं, तुमच्याकडे एवढी यंत्रं, एक रेघ मारता येत नाही? तर म्हणे यंत्राची रेघ फार स्वच्छ येते. जगात काचेला ओरखडे पडतात ते किल्ल्यांनी, वाळूने, माणसांच्या हातांनी. म्हणून हाताची रेघ हवी.

तुला हे पटतं? बाई शिवायला बसली की पोर मध्ये मध्ये करतं म्हणून त्याच्यापुढे रिकामी रिळं टाकते. मला पहिल्याच दिवशी वाटलं, ही रिकामी रिळं आहेत. म्हणून तुला स्पष्टच विचारतो. हे काम तिला खरोखर हवं होतं, की तू तिला कळवलंस, आप्पांना काहीतरी द्या हातात, नुसते बसून ते कुढतात?

काम मात्र मी घेतलं. घेतलं आणि मनातून आवडलं, हेही लिहून टाकतो. खिडकीजवळ टेबल मांडलं, खाली फडकं अंथरलं, पट्टी झाली की ओल्या कागदात आपली ती दुकानातली घडी घालून ठेवायची. घडी पाहून धाकटी म्हणाली, दुकानाचा वास आला. पहिला खोका सुरेख झाला.

येत्या शुक्रवारी बसच्या खिडक्या बनवणाऱ्या कंपनीची माणसं तिची काच बघायला यायची आहेत. पसंत पडली तर काम पुढे चालणार आणि तिची जागा पक्की होणार. नाही पडली तर सगळं गुंडाळायचं, असं तिच्या मोठ्या सरांनी सांगितलंय. परवा ती नाचतच घरी आली. पर्समधून एक पट्टी काढली, पानासारखी वाकलेली. "आप्पा, तुमच्या रेघेवरसुद्धा नाही तुटली. एकही नाही तुटली." जावईबापूंनी टाळ्या वाजवल्या. मी पट्टी हातात घेतली आणि सवयीने उजेडात तिरकी धरली.

ताई, रेघ अर्धीच होती. कडेपासून निघालेली आणि मधेच उठलेली. पुढे काचेवर नुसता केस ओढल्यासारखी खूण.

तू विचारलं आहेस तर सांगतो. हात हलतो. फार नाही. सकाळी कमी असतो. दुसऱ्या खोक्यापासून रेघ मधेच उठायला लागली, ते मला तेव्हाच कळलं होतं. रेघ नीट बसली की हिरकणी एका सुरात बोलते, उठली की खरवडते, आणि माझे कान अजून शाबूत आहेत. पण मारलेल्या रेघेवर पुन्हा हिरकणी फिरवायची नाही, हे मी तुम्हा दोघींना चिमटीत कान धरून शिकवलं, मग मी कशी फिरवणार? आणि "ही पट्टी फुकट गेली" म्हणून बाजूला काढायची, तर ती विचारणार, का फुकट गेली. म्हणून घडी घातली आणि ठेवली.

ती वाकलेली पट्टी माझ्या चष्म्याच्या घरात आहे. दुसऱ्या दिवशी धाकटीने शोधशोध शोधली. संशय जावईबापूंवर गेला, कारण आवरासावर तेच करतात. बिचाऱ्यांनी केराचा डबा उपसला. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

आता माझी अडचण बघ. हे काम नुसतं माझं मन रमवायला दिलं असेल, तर तिच्या खऱ्या पट्ट्या वेगळ्या असतील, यंत्राने रेघा मारलेल्या. म्हणजे तिचं काही बिघडलं नाही, फक्त मी कुठे उभा आहे ते मला कळलं. आणि काम खरं असेल, तर मी अजून कामाचा माणूस आहे, आणि पोरीचं काम मीच बुडवलं. मी देवाकडे यातलं काय मागू? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. स्टीलचा कप बघितला तरी वाटतं, यांना सगळं माहीत आहे.

तू तिला काही सुचवलं होतंस की नाही, एवढंच लिही. तुझं उत्तर येईपर्यंत मी तोंड उघडणार नाही.

*

ता. १३, गुरुवार

ताई, वरचं पत्र टाकलंच नाही. पाकिटाला तिकीट नव्हतं, असं समज.

सोमवारी दुपारी डॉक्टरकडे गेलो होतो, कशासाठी ते तू ओळखलंच असशील. येताना बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक बाई आणि तिची लहान मुलगी. मुलीने कपाळ खिडकीच्या काचेला टेकवलेलं. बस खड्ड्यात गेली की कपाळ काचेवर आपटायचं, टक, टक, आणि तिला त्यात मजा वाटत होती. मी ती काच बघत बसलो. कडेला एक ओरखडा होता, कुणाच्या किल्लीचा असेल. माझा थांबा मागे गेला तरी मला उठायचं सुचलं नाही.

चालत घरी आलो. धाकटी स्वयंपाकघरात काम पसरून बसली होती. मी चष्म्याचं घर उघडून पट्टी तिच्यापुढे ठेवली. जावईबापू म्हणाले, "बघा, मी नव्हतो!" आणि माझा चेहरा बघून त्यांनी मला खुर्ची पुढे केली. मी सगळं सांगितलं, अगदी घडीपर्यंत.

तिने भिंग आणलं. बराच वेळ बघत होती.

"बाकीच्या?" तिने विचारलं.

"काही चांगल्या असतील. कुठल्या ते मला सांगता येणार नाही."

मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. म्हटलं, एवढं भिंग आहे, रेघ किती खोल गेली ते तुम्ही बघत नाही?

"पहिल्या खोक्याच्या बघितल्या. सगळ्या एकसारख्या होत्या. मग नाही बघितल्या."

"का?"

"आप्पांची रेघ मोजतात का?" ती म्हणाली आणि उठून आत गेली.

भिंतींचं तुला सांगितलंच आहे. मोठ्या सरांना फोन केला तो मला शब्दन् शब्द ऐकू आला. रेघा तपासल्या नाहीत ही माझी चूक, असं म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. शुक्रवारच्या माणसांना येऊ नका म्हणून कळवायला सांगितलं. पलीकडून सर बरंच काही बोलत असावेत, कारण ही नुसती हो, हो म्हणत होती. तिच्या जागेचं आता काय होणार ते कुणालाच ठाऊक नाही.

म्हणजे रिकामी रिळं नव्हती. घरात माझ्यावर डोळे मिटून भरवसा ठेवणारं एकच माणूस होतं आणि मी महिनाभर तिच्याच मनात काय आहे ते हुडकत होतो.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. हिरकणी टेबलावरून उचलून घेऊन गेली, तेही न विचारता. काल संध्याकाळी ताटावर बसताना माझ्याकडे न बघता म्हणाली, स्वतः रेघा मारून दोन पट्ट्या वाकवल्या. पहिली तुटली. दुसरी वाकली, कण्हली, पण तुटली नाही. चीर मधेच कुठेतरी वळून बसली. मला विचारायचं होतं, दुसरीची रेघ पुरी होती ना? तिनेच सांगितलं, "मोजली, आप्पा."

आणि आता हे पत्र टाकायचं खरं कारण. आज तिने रजा घेतली. जेवणं झाल्यावर खिडकीजवळचं टेबल ओढलं, साध्या काचेचे तुकडे मांडले आणि मला खुर्चीवर बसवलं. म्हणाली, माझी रेघ कधी बसते, कधी उठते. भिंगातून ते नंतर कळतं, तोवर पट्टी वाया गेलेली असते. तुम्ही डोळे मिटून ऐका आणि हात चालू असतानाच सांगा.

मी डोळे मिटले. तिने रेघ ओढली. मी म्हटलं, उठली. पुन्हा ओढली. उठली. हात सैल सोड, हिरकणीला ढकलू नकोस, नुसती सोबत जा. मग एकदा ती एका सुरात बोलली, रेशमी कापड फाटल्यासारखी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी म्हटलं, बसली. डोळे उघडले तर ती काचेकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

दुपारभर आम्ही तेच केलं. जावईबापू मधे चहा ठेवून गेले. काचेच्या पेल्यात होता. मी हात लावला नाही, तो तसाच निवला.

पण ताई, हे सगळं सुरू करायच्या आधी ती आतल्या खोलीत फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती, आणि एकदा "ताई" म्हणालेली मी ऐकली. तेव्हा हे ऐकायचं काम तिचं की तुझं? उद्या सकाळी पुन्हा बसायचं ठरलं आहे, मी बसणारच आहे. रिळं रिकामी असली तरी चालतील मला आता. फक्त रिकामी असतील तर तसं माहीत असावं.

मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. असेल तेच लिही, आणि याच आठवड्यात लिही. मी दाराकडे कान लावून आहे.

पेन चांगलं आहे. अक्षर माझंच असं येतं.

तुझे
आप्पा